अणूंची अखंड धांवपळ

संध्याकाळीं देवघरांत उदबत्ती लावली म्हणजे थोड्याच वेळांत तिचा वास ओटीवर बसलेल्या माणसाला येतो. पाण्याच्या भांड्यांत खडीसाखरेचा खडा टाकून तें न ढवळतां तसेंच ठेवलें, तरी कांहीं काळानें वरचें पाणीही गोड लागूं लागतें. थंडीनें बरणींत थिजलेलें तूप उन्हांत ठेवलें कीं पातळ होतें, आणि चुलीवर विसरलेल्या पातेल्यांतलें पाणी वाफ होऊन नाहींसें होतें. या चार गोष्टी घरोघरीं घडतात आणि त्यांकडे कोणी मुद्दाम लक्षही देत नाहीं. परंतु या चारींच्या मुळाशीं एकच कारण आहे. तें असें कीं, जगांतील कोणत्याही पदार्थाचे कण कधींच स्वस्थ बसलेले नसतात. घन पदार्थांत ते आपापल्या जागीं थरथरत असतात. द्रवांत ते एकमेकांना न सोडतां एकमेकांमधून सरकत असतात. आणि वायूंत ते मोकाट धांवत असतात.

आज हें वाक्य शाळेंतला मुलगा सहज म्हणून दाखवितो. पण तें सर्वमान्य होण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं. त्या अवधींत हा विचार कित्येकदां जन्मास आला आणि कित्येकदां विस्मृतींत गेला. ज्यांनीं तो मांडला त्यांतील कांहींची उपेक्षा झाली, कांहींना मरेपर्यंत वादांत झुंजावें लागलें. या इतिहासांतील एक प्रकरण तर मुंबई शहरांत लिहिलें गेलें आहे, आणि तें सर्वांत करुण आहे.

पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असतो ही कल्पना फार जुनी. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाच्या प्रवर्तकाचें नांवच कणाद. परमाणूंच्या संयोगानें सृष्टि होते हें त्या दर्शनाचें प्रसिद्ध मत आहे. ग्रीस देशांत ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत डिमॉक्रिटस यानें, परमाणु आणि पोकळी यांशिवाय जगांत खरें असें दुसरें कांहीं नाहीं, असें प्रतिपादन केलें. पुढें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत ल्युक्रीशियस या रोमन कवीनें कवडशांत नाचणाऱ्या धुळीकडे बोट दाखवून सांगितलें कीं, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या हालचालीची ही खूण आहे. कवडशांतल्या धुळीला नाचविणारे असतात ते मुख्यतः हवेचे झोत. तेव्हां त्याचा दाखला पुरता बरोबर नव्हता. पण त्याची दृष्टि कोणत्या दिशेला होती हें लक्षांत घेण्याजोगें आहे. मात्र या सर्व मतांना आधार होता तो तर्काचा. कण किती मोठा, त्याचा वेग किती, हें मोजण्याचें साधन त्या काळीं कोणाजवळच नव्हतें.

तर्काला गणिताची जोड प्रथम मिळाली ती १७३८ सालीं. डॅनिएल बेर्नुली या स्विस गणितज्ञाचा द्रवांच्या गतीविषयींचा ग्रंथ त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. त्याच्या एका प्रकरणांत त्यानें वाचकापुढें एक साधें चित्र ठेवलें. एक उभें नळकांडें आहे, त्यांत वरखालीं सरकणारा दट्ट्या आहे आणि दट्ट्यावर वजन ठेवलेलें आहे. आंत कोंडलेल्या हवेचे असंख्य कण चोहोंकडे धांवत असून ते दट्ट्यावर खालून सारखे आदळत आहेत. एका कणाचा धक्का अगदींच क्षुल्लक. पण धक्क्यांची संख्या अगणित असल्यामुळें वजन तोललें जातें. हवेचा दाब म्हणतात तो हाच. आतां ती हवा निम्म्या जागेंत दाबली, तर तितक्याच वेळांत आदळणाऱ्या कणांची संख्या दुप्पट होईल, म्हणजे दाबही दुप्पट होईल. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रयोगानें दाखविलेला नियम हाच होता. बेर्नुलीनें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. हवा तापविली म्हणजे कणांचा वेग वाढतो, आणि दाब त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, असें त्यानें सांगितलें. विषयाचें सारें बीज या चार पानांत होतें. परंतु पुढें शंभर वर्षें त्या बीजाला कोणी पाणी घातलें नाहीं.

याचें कारण असें कीं, त्या काळीं उष्णतेविषयीं अगदीं वेगळेंच मत रूढ होतें. उष्णता हा एक अतिसूक्ष्म, वजन नसलेला द्रव आहे. तो पदार्थांत शिरला म्हणजे पदार्थ तापतो आणि बाहेर पडला म्हणजे निवतो, असें विद्वान् मानीत. या द्रवाला कॅलॉरिक असें नांव होतें. अर्वाचीन रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लाव्हाझिए यानें १७८९ सालीं मूलद्रव्यांची जी यादी दिली, तींत त्यानें कॅलॉरिकलाही जागा दिली होती. वायूचे कण या मताप्रमाणें धांवत नव्हतेच. प्रत्येक कणाभोंवतीं कॅलॉरिकचें वेष्टण असून त्यामुळें ते एकमेकांना दूर लोटीत आपापल्या जागीं अधांतरीं उभे असतात, असें समजलें जाई. हें मत मूर्खपणाचें होतें असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्या साह्यानें पुष्कळ प्रयोगांचा उलगडा नीट होत होता, आणि म्हणूनच तें दीर्घकाळ टिकलें.

त्याला पहिला मोठा धक्का दिला तो काउंट रम्फर्ड यानें. म्यूनिक येथील शस्त्रागारांत पितळी तोफांना भोंक पाडण्याचें काम त्याच्या देखरेखीखालीं चाले. घर्षणानें तोफ विलक्षण तापते हें पाहून त्यानें एक मुद्दाम बोथट केलेलें सामतें पाण्याच्या पेटींत बसवून घोड्यांच्या बळानें फिरविलें. अडीच तासांनीं तें पाणी विस्तवावांचून उकळूं लागलें. घोडे जोंपर्यंत फिरत होते तोंपर्यंत उष्णता निघतच राहिली. जी वस्तु अशी अमर्याद निघूं शकते ती द्रव्य कशी असेल? ती गतिच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यानें १७९८ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला. तरीही कॅलॉरिकचें राज्य आणखी पन्नास वर्षें चाललेंच.

१८२० सालीं ब्रिस्टल येथील जॉन हेरापथ यानें वायूच्या धांवत्या कणांविषयींचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. तो तेथें स्वीकारला गेला नाहीं, आणि पुढच्या वर्षीं त्यानें तो दुसऱ्या एका नियतकालिकांत छापविला. त्याच्या गणितांत दोष होते. उष्णतामान हें वेगाच्या वर्गावर नव्हे तर वेगावर अवलंबून असतें, असें त्यानें धरलें होतें. तथापि दिशा बरोबर होती. याच दारावर पंचवीस वर्षांनीं दुसरा एक मनुष्य येऊन उभा राहिला, आणि तो आला होता मुंबईहून.

जॉन जेम्स वॉटरस्टन यांचा जन्म १८११ सालीं एडिंबरो येथें झाला. शिक्षणानंतर त्यांनीं कांहीं काळ लंडनमध्यें इंजिनियरीचें आणि नंतर आरमारी नकाशांच्या खात्यांत काम केलें. १८३९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारांतील उमेदवारांना शिकविण्याच्या जागेवर ते मुंबईस आले. त्या वेळच्या मुंबईंत आगगाडी नव्हती. ती १८५३ सालीं आली. पण विद्येची एक नवी हालचाल त्या शहरांत सुरू झालेली होती. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन विद्यालयांत गणित शिकवीत होते, आणि शास्त्रीय विषय मराठींत आणण्यासाठीं त्यांनीं १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढलें होतें. त्याच शहरांत, नोकरींतून उरलेल्या वेळांत, वॉटरस्टन वायूंच्या कणांचें गणित करीत होते. १८४३ सालीं त्यांनीं एडिंबरोस एक लहानसें पुस्तक निनांवी छापविलें. त्याच्या नांवावरून तें मनोव्यापारांविषयींचें आहे असें वाटे, त्यामुळें त्यांत दडलेला वायूंचा सिद्धान्त कोणा पदार्थविज्ञानवेत्त्याच्या दृष्टीस पडला नाहीं.

१८४५ सालीं त्यांनीं आपला संपूर्ण निबंध मुंबईहून रॉयल सोसायटीकडे धाडला. त्यांतील विचार थोडक्यांत असा. वायूचे कण पूर्णपणें लवचिक असून ते सरळ रेषेंत धांवतात, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आपटतात व परत उसळतात. त्यांच्या आपटण्यानें दाब उत्पन्न होतो. कणाचें वजन आणि त्याच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारानें उष्णतामान ठरतें. शिवाय, जड आणि हलके असे दोन प्रकारचे कण एका भांड्यांत मिसळले तर ते एकमेकांशीं टकरा घेत अखेर अशा स्थितीला येतात कीं, हा गुणाकार दोहोंचा सारखाच होतो. म्हणजे जड कण मंद आणि हलके कण चपळ. ऑक्सिजनचा कण हायड्रोजनच्या कणाच्या सोळापट जड आहे. तेव्हां एकाच उष्णतामानावर हायड्रोजनचे कण ऑक्सिजनच्या चौपट वेगानें धांवतात. हा नियम त्यापूर्वीं कोणीही मांडलेला नव्हता.

हा निबंध रॉयल सोसायटीनें दोन परीक्षकांकडे दिला. त्यांपैकीं सर जॉन लबक यांनीं तो निव्वळ निरर्थक असून संस्थेपुढें वाचण्याच्याही योग्यतेचा नाहीं, असा शेरा मारला. दुसरे परीक्षक ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल यांनीं, कणांच्या आपटण्यानें दाब होतो हें मूळ गृहीतच मान्य होण्यासारखें नाहीं, असें म्हटलें. १८४६ सालीं निबंधाचा त्रोटक सारांश तेवढा छापला गेला. त्यावर कोणाचें लक्ष गेलें नाहीं. संस्थेपुढें एकदां आलेला निबंध लेखकास परत न देण्याची तेथें रीत होती, आणि वॉटरस्टन यांनीं तर आपल्याजवळ नक्कलही ठेवली नव्हती! त्यामुळें तो दुसरीकडे छापविणेंही त्यांना शक्य झालें नाहीं. एवढ्या परिश्रमांचें फळ लंडनच्या एका दप्तरखान्यांत जाऊन पडलें.

१८५७ सालीं वॉटरस्टन स्कॉटलंडला परत गेले. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं झुरिक येथील प्राध्यापक रूडोल्फ क्लाउझिउस यांचा, उष्णता म्हणजे कोणत्या प्रकारची गति याविषयींचा प्रसिद्ध निबंध जर्मनींत छापला गेला आणि विद्वानांनीं तो मोठ्या आदरानें वाचला. क्लाउझिउस हे आधींच नांवाजलेले होते, आणि मधल्या बारा वर्षांत जूलच्या प्रयोगांमुळें कॅलॉरिकचें मतही मोडकळीस आलें होतें. काळ अनुकूल होता.

पदार्थाच्या तीन अवस्थांतील कणांच्या गतीचें स्पष्ट वर्णन आढळतें तें या निबंधांत. घन पदार्थांत प्रत्येक कणाला ठराविक जागा असते. शेजाऱ्यांच्या ओढीमुळें त्या जागेभोंवतीं तो हेलकावे खातो, पण ती सोडून जात नाहीं. उष्णता वाढली म्हणजे हेलकावे वाढतात, आणि अखेर कणांची घडी विसकटते. तूप पातळ होतें तें असें. पुढें १९१० सालीं लिंडेमान यांनीं असा अंदाज केला कीं, हेलकाव्याची लांबी दोन कणांमधील अंतराच्या साधारण एक दशांशाच्या घरांत पोंचली कीं पदार्थ वितळूं लागतो. द्रवामध्यें कणाला कायमची जागा नसते. जत्रेंतल्या दाट गर्दींत मनुष्य गर्दीच्या बाहेर पडूं शकत नाहीं, पण आज या खांद्याला तर घटकेनें त्या खांद्याला लागून पुढें सरकतो, तशी द्रवाच्या कणाची स्थिति असते. वायूमध्यें ती ओढ जवळजवळ नाहींशीच होते आणि कण टक्कर होईपर्यंत सरळ धांवतो.

याच विचारसरणीनें क्लाउझिउस यांनीं बाष्पीभवनाचाही उलगडा केला. द्रवांतील सर्व कण सारख्या वेगाचे नसतात. पृष्ठभागाजवळचा एखादा कण विशेष वेगवान असला तर तो शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेंत निसटतो. म्हणून पाणी न उकळतांही आटतें आणि दोरीवरचें धोतर उन्हावांचूनही वाळतें. वेगवान कण निघून गेल्यावर मागें राहतात ते मंद, म्हणजेच थंड. उन्हाळ्यांत माठांतलें पाणी गार होतें त्याचें मर्म हेंच. माठाच्या अंगावर झिरपलेल्या पाण्यांतले चपळ कण उडून जातात आणि उरलेल्या पाण्याची ऊब आपल्याबरोबर घेऊन जातात.

परंतु लागलीच एक आक्षेप पुढें आला. गणिताप्रमाणें हवेचे कण सेकंदाला सुमारें ५०० मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षांही अधिक वेगानें धांवतात. मग बाइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञानें विचारलें कीं, खोलीच्या एका टोंकाला सोडलेला वायु दुसऱ्या टोंकाला क्षणार्धांत कां पोंचत नाहीं? देवघरांतल्या उदबत्तीचा वास ओटीवर यावयास इतका वेळ कां लागावा? क्लाउझिउस यांनीं १८५८ सालीं त्याचें उत्तर दिलें. कण वेगानें धांवतो खरा, पण तो फार दूर जाऊं शकत नाहीं. क्षणोक्षणीं दुसऱ्या कणावर आदळून त्याची दिशा बदलते. साध्या हवेंत दोन टकरांमधला त्याचा सरासरी प्रवास मिलिमीटरच्या सुमारें १५,००० व्या भागाइतकाच असतो, आणि एका सेकंदांत त्याच्या कित्येक अब्ज टकरा होतात. एवढी धांवपळ करूनही बिचारा जेथल्या तेथेंच घुटमळतो. वास आपल्यापर्यंत लवकर येतो तो बहुतेक हवेच्या झुळुकीबरोबर.

आक्षेपांतून असें नवें ज्ञान निघालें, आणि तें स्कॉटलंडमधील जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या हातीं पडलें. सर्व कणांचा वेग एक नसतो. कांहीं मंद, कांहीं चपळ, बहुतेक मध्यम. या वेगांची वांटणी कोणत्या नियमानें होते हें त्यांनीं १८६० सालीं दाखविलें. एकेका कणाचा हिशेब अशक्य, पण समुदायाचा हिशेब शक्य, ही दृष्टि पदार्थविज्ञानांत प्रथम आली ती येथें. त्यांच्या गणितांतून एक विलक्षण निष्कर्ष निघाला: हवा विरळ केली तरी तिच्यांत हलणाऱ्या वस्तूला होणारा चिकटपणाचा अडथळा कमी होणार नाहीं. हें त्यांना स्वतःलाही खरें वाटेना. तेव्हां लंडनमधील आपल्या घराच्या पोटमाळ्यावर त्यांनीं आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन यांनीं प्रयोग मांडला. खोलीचें उष्णतामान राखण्यासाठीं विस्तव सांभाळण्याचें काम त्या बाई करीत. प्रयोगानें निष्कर्ष खरा ठरला. १८६५ सालीं ऑस्ट्रियांतील लोश्मिट यांनीं या साऱ्या आंकड्यांवरून हवेच्या कणाच्या आकारमानाचा पहिला बरासा अंदाज केला. मिलिमीटरचा सुमारें दहा लाखावा भाग, असें उत्तर आलें. आजच्या मापापेक्षां तें थोडें मोठें आहे, पण घर बरोबर सांपडलें होतें.

वायु आणि द्रव यांच्यामधली भिंतही लवकरच ढांसळली. बेलफास्ट येथील टॉमस अँड्र्यूज यांनीं १८६९ सालीं दाखविलें कीं, कार्बन डायॉक्साइड वायु ३१ अंश शतमानाच्या वर असेल तर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाहीं. १८७३ सालीं हॉलंडमधील व्हान डर व्हाल्स यांनीं कणांचा आकार आणि त्यांची परस्परांची ओढ हिशेबांत घेऊन वायु व द्रव या एकाच वस्तूच्या दोन स्थिति आहेत हें सिद्ध केलें. एकीकडे ओढ कणांना जवळ आणते, दुसरीकडे गति त्यांना दूर नेते. या दोहोंपैकीं ज्याची सरशी होते त्यावर पदार्थाची अवस्था ठरते.

घन पदार्थांची स्थिरताही पुरती खरी नाहीं, हें सर विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसून आलें. शिशाच्या कांडीच्या एका टोंकाला त्यांनीं सोनें जोडून ठेवलें. शिसें वितळण्याच्या पुष्कळ खालच्या उष्णतामानावर, म्हणजे तें घनच असतांना, सोन्याचे कण हळूहळू शिशामध्यें शिरले. घट्ट दिसणाऱ्या धातूंतूनही कण वाट काढतात, फक्त त्यांना वेळ हवा.

इतकें सर्व होऊनही कोणीं अणु प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठे विद्वान्, भौतिकांत एर्न्स्ट माख आणि रसायनांत विल्हेल्म ऑस्टवाल्ड, अणु ही केवळ हिशेबाची सोय आहे, वस्तुस्थिति नव्हे, असें म्हणत. व्हिएन्नाचे लुडविग बोल्ट्झमान यांनीं आपलें आयुष्य अणूंच्या पक्षानें युक्तिवाद करण्यांत घालविलें. शरीरानें आणि मनानें खचलेल्या अवस्थेंत १९०६ च्या सप्टेंबरमध्यें ट्रिएस्टजवळील दुइनो येथें त्यांनीं आपलें जीवित संपविलें. ज्या पुराव्यानें त्यांचा पक्ष विजयी व्हावयाचा होता तो त्या वेळीं तयार होत होता.

तो पुरावा मिळाला एका जुन्या निरीक्षणांतून. १८२७ सालीं रॉबर्ट ब्राऊन हे वनस्पतिशास्त्रज्ञ फुलाच्या परागांतून निघालेले बारीक कण पाण्यांत सोडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. ते कण सारखे थरथरत आणि इकडेतिकडे भटकत असलेले त्यांना दिसले. प्रथम त्यांना वाटलें, ही जीवशक्ति असावी. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं कांच, खडक, धातु, इतकेंच काय, इजिप्तच्या स्फिंक्स पुतळ्याच्या एका तुकड्याचीही भुकटी करून पाण्यांत टाकली. तीही तशीच थरथरली. म्हणजे ही हालचाल जिवाची नव्हती. मग ती कशाची? हा प्रश्न सुमारें पाऊणशें वर्षें निकालावांचून पडून राहिला.

१९०५ सालीं बर्न येथील पेटंट कचेरींत नोकरी करणारे सव्वीस वर्षांचे आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं गणितानें सांगितलें कीं, पाण्याचे अदृश्य अणु चहूंकडून धक्के देत असतील तर तरंगणारा कण किती वेळांत किती दूर भटकेल. अंतर हें काळाच्या प्रमाणांत नव्हे, तर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढावयास हवें. चौपट वेळांत दुप्पट अंतर. पॅरिस येथें झां पेरिन यांनीं १९०८ पासून ही गोष्ट प्रत्यक्ष मोजली. झाडाच्या चिकापासून होणारा गँबोज नांवाचा पिवळा रंग घेऊन त्यांनीं त्याचे अगदीं सारख्या आकाराचे सूक्ष्म गोळे निवडले, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचा प्रवास ठराविक सेकंदांच्या अंतरानें टिपून ठेवला. भाकीत बरोबर उतरलें. इतकेंच नव्हे, तर डोंगरावर जसजसें वर जावें तसतशी हवा विरळ होते, त्याच नियमानें पाण्याच्या एका थेंबांत हे गोळे खालीं दाट आणि वर विरळ झालेले त्यांना आढळले. यावरून बारा ग्रॅम कार्बनमध्यें किती अणु असतात तें त्यांनीं काढलें. उत्तर सुमारें ७ वर २३ शून्यें असें आलें. आज तो आंकडा ६०२ वर २१ शून्यें इतका मानतात, आणि २०१९ पासून तर मोलाची व्याख्याच त्याच्या नेमक्या मूल्यावर बसविलेली आहे. ऑस्टवाल्ड यांनीं १९०९ सालीं आपला विरोध मोकळ्या मनानें मागें घेतला. पेरिन यांना १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मग पदार्थ थंड करीत गेल्यास ही धांवपळ कधीं तरी थांबते काय? उणे २७३ अंशांजवळ सर्व गति थांबावी, असें जुन्या विचारानें वाटे. १९०८ सालीं लायडेन येथें कामरलिंग ओनेस यांनीं उणे २६९ अंशांवर हेलियम वायूचा द्रव केला. पण साध्या दाबाखालीं तो कितीही थंड केला तरी गोठेना. १९२६ सालीं केसोम यांनीं त्यावर सुमारें पंचवीसपट हवेचा दाब घालून तो गोठविला. पुढें क्वांटम सिद्धान्तानें उलगडा केला कीं, अगदीं शेवटच्या थंडींतही कणाची थोडी थरथर शिल्लक राहतेच, आणि हेलियमसारख्या हलक्या कणांना ती घडी घालूं देत नाहीं. पूर्ण विसांवा निसर्गांत कोणत्याच कणाला नाहीं.

आतां पुन्हां वॉटरस्टन यांच्याकडे वळावयाचें. स्कॉटलंडला परतल्यावर त्यांनीं कांहीं काळ लेखन चालू ठेवलें, परंतु विद्वत्संस्थांविषयीं त्यांच्या मनांत कडवटपणा राहिला तो राहिलाच. १८ जून १८८३ रोजीं ते एडिंबरोच्या आपल्या घरांतून बाहेर पडले ते पुन्हां परतले नाहींत. मॅक्सवेल आणि क्लाउझिउस यांचीं नांवें तोंवर जगभर झालीं होतीं. आठ वर्षांनीं, १८९१ सालीं, रॉयल सोसायटीचे तेव्हांचे चिटणीस लॉर्ड रॅली यांना वॉटरस्टन यांच्या एका जुन्या लेखांत त्या हरवलेल्या निबंधाचा उल्लेख सांपडला. त्यांनीं दप्तर शोधविलें आणि तो निबंध बाहेर निघाला. १८९२ सालीं संस्थेनें तो प्रसिद्ध केला. मुंबईहून निघाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनीं. तो वेळेवर छापला गेला नाहीं यामुळें हा विषय बहुधा दहा-पंधरा वर्षें मागें पडला, असें रॅली यांनीं प्रस्तावनेंत स्पष्टपणें कबूल केलें. निबंधांत दोष नव्हते असें नाहीं. विशिष्ट उष्णतेच्या हिशेबांत एक चूक होती. पण ती एखाद्या चांगल्या परीक्षकानें पेन्सिलीनें सुधारण्याजोगी चूक होती. त्याच प्रस्तावनेंत रॅली यांनीं असाही सल्ला दिला कीं, अप्रसिद्ध लेखकानें अगदीं नवा विचार मांडावयाचा तर तो विद्वत्संस्थेऐवजीं दुसऱ्या मार्गानें मांडावा. हा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीनें शहाणपणाचा असेल. पण ज्या संस्थेचे चिटणीस तो देत होते, तिला तो फारसा भूषणावह नव्हता.

लबक आणि पॉवेल हे दुष्ट नव्हते, अडाणीही नव्हते. ते आपल्या काळांतील उत्तम गणितज्ञ होते. त्यांच्या डोळ्यांसमोर वायूचे कण अधांतरीं स्वस्थ उभे होते, आणि जी गोष्ट स्वस्थ उभी आहे असें आयुष्यभर मानलें ती सेकंदाला पांचशें मीटर धांवत आहे, असें मुंबईचा एक अनोळखी शिक्षक सांगूं लागला तेव्हां त्यांना तें ऐकवलें नाहीं. चूक झाली ती एवढीच, पण तिची किंमत एका माणसानें आपल्या साऱ्या आयुष्यानें भरली. पदार्थाचे कण कोणत्याच अवस्थेंत थांबत नाहींत. द्रवाचा घन झाला तरी त्याची थरथर चालूच असते. विद्वानांचीं मतें मात्र एकदां थिजलीं म्हणजे तीं पुन्हां पातळ होण्यास पुष्कळ ऊन लागतें.